फोबॉसवर गोष्ट घडवायची असेल तर आधी हे वाचा

मागे एकदा मी एक विज्ञानकथा लिहिली होती, मंगळाच्या चंद्रावर घडणारी, आणि त्यात माझी नायिका तळावरून बाहेर पडते आणि धावत धावत रोव्हरपर्यंत जाते असं एक झकास वाक्य टाकलं होतं. कॉलेजातला एक मित्र फिजिक्स शिकवतो, त्याला वाचायला दिली तर त्यानं सगळी कथा वाचून एवढंच विचारलं, "धावत गेली ते ठीक, पण खाली कधी आली?" मला आधी कळलंच नाही काय म्हणतोय ते. मग त्यानं बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळींचं गणित मांडलं, की धावताना माणूस एका पावलात सेकंदाला साधारण १ मीटर वेगानं वर उचलला जातो असं धरलं तर फोबॉसवर ती बाई पहिल्याच पावलाला ८०-९० मीटर वर, आणि परत पाय टेकायला सहा मिनिटं. म्हणजे माझा पूर्ण क्लायमॅक्स नायिका हवेत लोंबकळत असतानाच उरकला होता, आणि हवेत तरी कुठे, तिथे हवा पण नाही.

तेव्हापासून मी मंगळाच्या या दोन पिटुकल्या चंद्रांच्या, फोबॉस आणि डायमॉसच्या, नादाला लागलोय. ज्यांना तिथे कथा घडवायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण बहुतेक लोक आपला चंद्र घेतात, लहान करतात, वर लाल ग्रह लटकवतात आणि झालं म्हणतात. ते चालत नाही. फोबॉस आणि डायमॉस आपल्या चंद्राची छोटी कॉपी नाहीत, तिथलं सगळंच उलटंपालटं आहे, आणि प्लॉट त्या उलट्यापालट्यातच आयता मिळतो, बाहेरून एलियन आणावे लागत नाहीत.

सुरुवात आकारापासून करा. आकडे पाठ करू नका, ओळखीची अंतरं डोक्यात ठेवा. फोबॉस बटाट्यासारखा आहे, २७ बाय २२ बाय १८ किलोमीटर. मुंबईवाल्यांना सांगायचं तर लांबीला चर्चगेट ते गोरेगाव, बास. डायमॉस अजून छोटा, सगळ्यात लांब बाजूनं १५ किलोमीटर, म्हणजे वांद्र्याला उतरलात की चंद्र संपला. फोबॉसवरचं सगळ्यात मोठं विवर स्टिकनी, ते ९ किलोमीटर रुंद. आपलं बुलढाण्याचं लोणार १.८ किलोमीटरचं आहे, म्हणजे पाच लोणार एका ओळीत मावतील एवढा खड्डा आणि तो २७ किलोमीटरच्या दगडावर! लोणारच्या काठावर उभं राहिलेल्या माणसाला हे वाचून पोटात गोळा येईल, तो गोळा कथेत वापरा. तुमचं पात्र स्टिकनीच्या काठावर उभं असेल तर क्षितिज किती जवळ असेल, जमीन कशी डोळ्यादेखत वळून खाली जाताना दिसेल, हे एक-दोन वाक्यांत आलं पाहिजे.

आता ग्रॅव्हिटी, सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात (आपटतात हा शब्द पण तिथे लागू नाही). फोबॉसची ग्रॅव्हिटी सेकंदवर्गाला ०.००५७ मीटर, डायमॉसची ०.००३ च्या आसपास, पृथ्वीची ९.८. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं वजन फोबॉसवर ३५ ग्रॅम भरेल, मूठभर शेंगदाण्यांएवढं. छातीच्या उंचीवरून हातातलं पेन सुटलं तर जमिनीवर यायला २० सेकंद. तेवढ्या वेळात दोन पात्रांचं भांडण होऊन मिटू शकतं आणि पेन अजून वाटेतच. अशी एक गोष्ट सीनमध्ये सोडून द्या, वाचकाला लगेच कळतं आपण कुठे आहोत, मग ग्रॅव्हिटीवर लेक्चर द्यावं लागत नाही.

जमिनीवर अर्धा मीटर उडी मारणारा माणूस त्याच जोरानं फोबॉसवर उडाला तर साधारण आठशे मीटर वर जाईल आणि परत यायला पंधरा मिनिटांहून जास्त लागतील. डायमॉसवर दीड-दोन किलोमीटर. स्पेससूट घालून एवढी उडी बसेल का हा वेगळा प्रश्न, पण अंदाज यावा म्हणून सांगतोय. पळून सुटायचा वेग, म्हणजे परत खाली न येण्यासाठी लागणारा वेग, फोबॉसवर सेकंदाला ११ मीटर म्हणजे ताशी ४० किलोमीटर, आणि डायमॉसवर ताशी फक्त २० किलोमीटर. गल्लीतल्या पोरानं टेनिस बॉल फेकला तरी डायमॉसवरून गेला तो गेलाच. फास्ट बोलरची तर बातच सोडा.

पण थांबा, "गेला तो गेलाच" म्हणजे कुठे गेला? इथे एक मस्त गंमत आहे जी मी अजून कुठल्या मराठी कथेत वाचलेली नाही. फोबॉस स्वतः मंगळाभोवती सेकंदाला २ किलोमीटरच्या वर वेगानं फिरतोय, त्यामुळे चेंडू फोबॉसवरून सुटला तरी तो मंगळाच्या तावडीतच राहतो, मंगळाभोवती स्वतःचं ऑर्बिट धरतो, आणि ते ऑर्बिट जिथून चेंडू सुटला त्या जागेवरून परत जातं. म्हणजे तुम्ही सरळ वर फेकलेली वस्तू एक फेरी मारून साधारण त्याच भागात परत भेटायला येऊ शकते, सुमारे साडेसात तासांनी. नवऱ्यानं रागात फेकलेली अंगठी, पुरावा लपवायला दूर भिरकावलेलं पाना-हत्यार, काय वाट्टेल ते घ्या. खुनाची कथा लिहिणाऱ्यांनी तर हे देव्हाऱ्यात ठेवावं.

अजून एक चूक जी मी स्वतः केली आणि नंतर बऱ्याच जणांच्या लिखाणात पाहिली: "यान फोबॉसभोवती घिरट्या घालत होतं". नाही घालता येत. मंगळ एवढा जवळ आणि एवढा जड आहे की फोबॉसच्या पृष्ठभागापासून काही किलोमीटर वर गेलात की मंगळाचीच ओढ वरचढ ठरते, साधं गोल ऑर्बिट टिकतच नाही. जपानची एमएमएक्स मोहीम जी फोबॉसला जायची आहे ती पण वेगळीच युक्ती करणार आहे, यान मंगळाभोवतीच फिरेल पण अशा बेतानं की फोबॉसवरून बघितलं तर ते त्याच्याभोवती फिरतंय असं वाटेल. तुमच्या कथेतल्या पायलटनं "ऑर्बिट" म्हणताना जरा अडखळावं, मग जाणकार वाचक खूश.

वजन नाही म्हणजे धोका नाही असं मात्र लिहू नका. वजन जातं, वस्तुमान जात नाही. ३०० किलोची ऑक्सिजनची टाकी फोबॉसवर एका हातानं उचलता येईल, पण ती एकदा सरकायला लागली की थांबवायला तितकाच जोर लागतो जितका इथे लागेल, आणि मधे तुमचा हात आणि मागे भिंत असेल तर हात गेला. माझ्या मते तिथला खरा व्हिलन हाच आहे, हळू चालणारी जड वस्तू. स्फोटबिफोटापेक्षा कितीतरी भीतीदायक, कारण ती येताना दिसत असते.

मग माणसं तिथे चालणार कशी? चालणारच नाहीत. दोर बांधून, खुंट्या ठोकून, हातानं ओढत सरकतील, गड चढताना दोराला धरून जातो तसं पण आडवं. एमएमएक्सबरोबर फ्रान्स आणि जर्मनीनं बनवलेला एक छोटा रोव्हर जाणार आहे, इडेफिक्स नावाचा, २५ किलोचा, तिथे त्याचं वजन १५ ग्रॅमसुद्धा भरणार नाही. तो यानातून वरून सोडून देणार, तो टप्पे खात खात कुठेतरी थांबणार, मग पाय पसरून स्वतःला सरळ करणार आणि त्याचा स्पीड मोजायचा तो मिलिमीटरमध्ये. गोगलगाय बरी. जास्त जोरात चाक फिरवलं तर उडेल ना. आणि जमीन म्हणजे बारीक धूळ, तापमानाच्या मोजणीवरून अंदाज असा की वरचा थर अगदी पावडरीसारखा आहे. पाय आपटला की धूळ उडते, पण हवा नसल्यामुळे ढग होऊन तरंगत नाही, प्रत्येक कण आपापला वर जातो आणि कित्येक मिनिटांनी आपापला खाली येतो. तापमान उन्हात उणे ४ सेल्सिअस आणि अंधारात उणे ११२ मोजलं गेलंय, तेही एकाच दगडावर काही किलोमीटरच्या अंतरात.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, आकाश. इथे थोडा वेळ काढा, कागद घ्या, एक मोठा गोल आणि बाजूला एक ठिपका काढा.

फोबॉस मंगळाच्या पृष्ठभागापासून फक्त ६,००० किलोमीटरवर आहे. आपला चंद्र आपल्यापासून ३,८४,००० किलोमीटरवर. त्यामुळे फोबॉसवरून मंगळ ४२ अंशांचा दिसतो, पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, म्हणजे ऐंशी पौर्णिमा शेजारी शेजारी लावल्या तर मंगळाची रुंदी होईल. आणि आपला चंद्र जसा एकच तोंड आपल्याकडे ठेवतो तसंच फोबॉसचं आहे, म्हणून तिथल्या एका बाजूला मंगळ कायम डोक्यावर टांगलेला, उगवत नाही मावळत नाही, आणि दुसऱ्या बाजूला तो कधीच दिसत नाही. एकाच २७ किलोमीटरच्या दगडावर अशी दोन गावं, एकाच्या डोक्यावर कायम लाल राक्षस आणि दुसऱ्यानं तो जन्मात पाहिला नाही. कथा इथेच सुरू होते की नाही सांगा.

फोबॉसचा दिवस ७ तास ३९ मिनिटांचा. म्हणजे ऊन पावणेचार तास, पुण्याहून मुंबईला रोडनं निघालात आणि ट्रॅफिक लागलं तर एक अख्खा दिवस गेला. पण मंगळाच्या बाजूला अजून एक भानगड आहे. मंगळ डोक्यावर आहे ना, मग भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो तेव्हा तो मंगळाच्या मागे जातो. म्हणजे रोज भर दुपारी सूर्यग्रहण, ५० मिनिटांच्या वर! (वर्षातले काही काळ सोडून, मंगळाचा अक्ष कललेला असल्यामुळे तेव्हा सूर्य बाजूनं निसटतो.) आणि मध्यरात्री? तेव्हा समोर पूर्ण उजळलेला मंगळ, पौर्णिमाच, लालसर उजेड सगळीकडे. म्हणजे तिथे दुपारी अंधार आणि मध्यरात्री उजेड. मी पहिल्यांदा हे कागदावर काढून बघितलं तेव्हा रात्री अकराला घरच्यांना उठवून सांगितलं होतं, त्यांना फारसं कौतुक वाटलं नाही.

मंगळावरून वर बघणारं पात्र असेल तर वेगळा हिशोब. मंगळाचा दिवस साडेचोवीस तासांच्या थोडा वर आणि फोबॉस त्याच्या तिप्पट वेगानं फिरतोय, म्हणून तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो, आकाश पार करायला सव्वाचार तास, आणि एका दिवसात दोनदा सुद्धा दिसू शकतो. आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या अर्ध्याहूनही कमी रुंद दिसतो. डायमॉस उलट, त्याला एक फेरी मारायला ३० तास लागतात, मंगळाच्या स्वतःभोवती फिरण्यापेक्षा जरासेच जास्त, त्यामुळे तो पूर्वेला उगवतो आणि मग रेंगाळतो, रेंगाळतो, अडीच दिवसांहून जास्त वेळ आकाशातच, शुक्राच्या चांदणीसारखा एक ठिपका. एक भाऊ कायम घाईत आणि दुसरा निवांत. आणि ध्रुवाजवळ तळ असेल तर कृपा करून फोबॉस दाखवू नका, ७० अंश अक्षांशाच्या पलीकडून तो क्षितिजावर येतच नाही. मंगळावरून पूर्ण खग्रास सूर्यग्रहण पण लिहू नका, फोबॉस सूर्याला पुरता झाकायला कमी पडतो. पर्सेव्हरन्स रोव्हरनं एप्रिल २०२२ मध्ये त्याचा व्हिडिओ घेतलाय, वेडावाकडा बटाटा सूर्यावरून सरकतो आणि चाळीस सेकंदांत खेळ खल्लास. तो व्हिडिओ लिहायला बसण्याआधी बघाच. स्टेलॅरियम नावाचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात लोकेशन बदलून मंगळ निवडा आणि वेळ पळवत बसा, दहा पानं वाचण्यापेक्षा ते बरं.

पार्श्वभूमी हवी असेल तर इतिहासातनं उचला, तो कुठल्याही कथेपेक्षा भारी आहे. केप्लरनं अंदाज बांधला होता की पृथ्वीला एक चंद्र, गुरूला (तेव्हा माहीत असलेले) चार, मग मधल्या मंगळाला दोन असणार. कारण चुकीचं, उत्तर बरोबर, परीक्षेत असं झालं तर मार्क द्यायचे की नाही? मग १७२६ मध्ये जोनाथन स्विफ्टनं गलिव्हरच्या प्रवासात मंगळाचे दोन चंद्र लिहून टाकले, एक १० तासांत फिरणारा आणि दुसरा साडेएकवीस तासांत, शोध लागायच्या दीडशे वर्षं आधी. याच्यावरून लोक अजून म्हणतात की त्याला गुप्त ज्ञान होतं वगैरे. काही गुप्त नव्हतं, त्याचे आकडे खऱ्याशी जुळतही नाहीत, पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: त्यानं दिलेली अंतरं आणि वेळा केप्लरच्या नियमात (अंतर वाढलं की फेरीचा वेळ किती वाढतो तो नियम) चोख बसतात. कॅल्क्युलेटर घेऊन बघा. अंदाज खोटा पण आतलं गणित पक्कं, म्हणून तीनशे वर्षं झाली तरी लोक त्यावर बोलतायत. आपल्याला पण तेवढंच करायचंय.

खरा शोध ऑगस्ट १८७७ चा, वॉशिंग्टनच्या नेव्हल ऑब्झर्व्हेटरीत असाफ हॉल २६ इंची दुर्बिणीतून शोधत होता आणि मंगळाच्याच झगमगाटात काही दिसेना. तो कंटाळून सोडून देणार होता, तेव्हा त्याच्या बायकोनं, अँजेलिना स्टिकनीनं, अजून एकदा बघ म्हणून परत पाठवला असं सांगतात. आधी डायमॉस सापडला आणि पाच-सहा दिवसांत फोबॉस. ते पाच लोणारवालं विवर आहे ना, ते हिच्याच नावाचं, माहेरच्या. नावं दोन्ही चंद्रांना मिळाली ती ग्रीक युद्धदेव एरीसच्या मुलांची, फोबॉस म्हणजे भीती आणि डायमॉस म्हणजे दहशत. आपल्याकडे पत्रिकेत कडक मंगळ म्हणून लग्नं अडवतात, तर त्याच्या घरी भीती आणि दहशत पाळलेली आहे हे कुणा स्थळाला कळू देऊ नका. तुम्हाला कथेत एखाद्या जागेला नाव द्यायचं असेल तर फोबॉसवरच्या बऱ्याच विवरांना स्विफ्टच्या त्याच पुस्तकातली नावं दिलीत, गलिव्हर, फ्लिमनॅप, लिमटॉक अशी, आणि डायमॉसवर स्विफ्ट आणि व्होल्टेअर अशी दोन विवरं आहेत.

आणि मोहिमांचा इतिहास म्हणजे नुसतं दुर्दैव. सोव्हिएतची फोबॉस १ आणि २ यानं १९८८ मध्ये निघाली, पहिलं एका चुकीच्या कमांडमुळे वाटेतच गेलं, दुसरं पोचलं, फोटो पाठवले आणि लँडर सोडायच्या तोंडावर मार्च १९८९ मध्ये गप्प झालं. त्यात एक उड्या मारणारा छोटा लँडर होता, त्याला कधी उडी मारायलाच मिळाली नाही. मग २०११ मध्ये रशियाचं फोबॉस-ग्रुंट पृथ्वीच्याच ऑर्बिटमध्ये अडकलं आणि जानेवारी २०१२ मध्ये परत खाली पडलं. आपल्या मंगळयानानं मात्र हळूच कामं करून घेतली, त्याचं ऑर्बिट इतकं लांबट होतं की ते डायमॉसच्याही पलीकडे जायचं, म्हणून २०१४ मध्ये त्याला डायमॉसची मागची बाजू दिसली जी मंगळाजवळून फिरणाऱ्या यानांना दिसत नाही, आणि १ जुलै २०२० ला त्यानं ४,२०० किलोमीटरवरून फोबॉसचा फोटो काढला, स्टिकनीसकट. तो फोटो माझ्या डेस्कटॉपवर आहे.

एलियन आणायचेच असतील तर दोन जुने मोह टाळा. एक, पोकळ फोबॉस. १९५० च्या दशकाच्या शेवटी श्क्लोव्स्की नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञानं फोबॉस हळूहळू खाली येतोय त्या आकड्यांवरून तो आतून पोकळ, म्हणजे कृत्रिम असू शकेल असं मांडलं होतं, पण ते मूळ आकडेच नीट नव्हते. आता माहीत आहे की तो भुसभुशीत आहे, आत बऱ्याच पोकळ्या आहेत, पण नारळासारखा पोकळ नाही. दुसरा, फोबॉसवरचा "स्तंभ", १९९८ च्या एका फोटोत लांब सावली टाकणारा मोठा धोंडा दिसतो, त्यावर इंटरनेटवर रामायण झालंय. धोंडा आहे तो. त्यापेक्षा खरी भीती घ्या: फोबॉस शतकाला साधारण १.८ मीटर मंगळाच्या जवळ सरकतोय आणि ३ ते ५ कोटी वर्षांत एकतर आदळेल नाहीतर तुकडे होऊन मंगळाभोवती कडं बनेल. त्याच्या अंगावर ज्या समांतर चिरा आहेत त्या या ओढीनं पडल्या, की विवरातून उडालेले धोंडे घरंगळत गेल्याच्या खुणा आहेत, यावर अजून वाद चालूच आहे. तुमचा भूवैज्ञानिक रोज सकाळी एका चिरेची रुंदी मोजतोय, रोज तेवढीच, आणि एक दिवस नाही. मी लिहिणार होतो ही, जमली नाही, घ्या कुणीतरी.

माणसं तिथे का जातील हे पण नीट ठरवा, उगाच "संशोधनासाठी" नको. एक कारण पटण्यासारखं आहे. मंगळावरचा रोव्हर पृथ्वीवरून चालवायचा तर सिग्नलला एका बाजूचीच ३ ते २२ मिनिटं लागतात, पण फोबॉसवर बसून चालवला तर जवळजवळ लगेच. म्हणजे डोक्यावर मंगळ टांगलेला आणि खोलीत बसून त्याच्यावर जॉयस्टिकनं यंत्रं चालवणारी सात-आठ माणसं, खाली कधीच न उतरणारी. पगार बरा, घरून फोन आला तर बोलण्यात पाऊण तासापर्यंतचा गॅप. ऑफिसची कथा आहे ही खरंतर.

हे चंद्र आले कुठून, हा प्रश्न कथेचा कणा करायचा असेल तर मात्र घाई करा. एक मत असं की हे पकडलेले लघुग्रह, दिसतात तर तसेच, काळेकुट्ट. दुसरं असं की मंगळावर काहीतरी प्रचंड आदळलं आणि त्याच्या मलब्यातून बनले, कारण दोघांची ऑर्बिट जवळजवळ गोल आणि विषुववृत्तावर आहेत आणि पकडून आणलेले असते तर इतके शिस्तीत फिरले नसते. २०२३ मध्ये अमिरातीचं होप यान डायमॉसच्या १०० किलोमीटर जवळून गेलं, त्याचा डेटा मंगळातूनच जन्मलेत या बाजूला झुकतोय. एमएमएक्सचं ठरलेलं वेळापत्रक २०२६ मध्ये उड्डाण आणि २०३१ मध्ये फोबॉसची निदान १० ग्रॅम माती पृथ्वीवर आणायचं आहे, मागेपुढे झालं तर अजून थोडी मुदत. ती डबी उघडली की निम्म्या कथा बाद होणार, तेव्हा ज्यांच्याकडे "आदळलं तेव्हा मंगळावर जीव होते आणि ते त्या मलब्यासोबत वर गेले" छापाचा ड्राफ्ट पडून आहे त्यांनी या दिवाळी अंकालाच पाठवून टाका.